खालून वाजवणे

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

परवा फोनवर पुन्हा तेच झालं. मी विचारलं, पाठ कशी आहे, आणि तू म्हणालास, चार वाजता. मग मी पाठीचा नाद सोडून चार वाजता काय आहे ते विचारलं, तर तू मामीचा निरोप सांगून फोन ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे इथे ऐसपैस लिहिते आहे. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या भाचीने मामासाठी एवढं तरी करावं.

मामी सांगत होती की तू मागची खोली रिकामी करायला काढली आहेस. कुणी एक दाढीवाला येऊन तुझी स्टुडिओतली जुनी मशिनं बघून गेला, म्हणे, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला सगळं देऊन टाकायच्या आधी माझं एक काम कर. मला आईचा आवाज हवा आहे.

हसू नकोस. आईने किती गाण्यांना कोरस दिला ते तुलाच माहीत. रात्रंदिवस रेडिओवर ती वाजत असते आणि मला सापडत नाही. चौघी एकदम 'आ' म्हणतात, त्यात आई कुठली? मी डोळे मिटून, एकेक कान झाकून ऐकून बघितलं. बाबांना विचारलं की आईचा आवाज कसा होता. म्हणाले, गोड होता. गोड म्हणजे कसा? तर म्हणाले, गोड म्हणजे गोड. घरात टेपरेकॉर्डर होता, पण नुसतं बोलणं टेप करून ठेवावं असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. फोटो आहेत मुबलक. सगळ्यांत तिचं तोंड बंद आहे.

या उन्हाळ्यात मी तिच्याहून मोठी होईन. ती जितकी जगली त्याच्या पुढे जाईन. नंतर ती मला धाकट्या बहिणीसारखी वाटायला लागेल अशी मला भीती वाटते. त्याआधी एकदा तिला बोलताना ऐकायचं आहे. गाणं नसलं तरी चालेल.

आणि पत्राच्या वर मला 'भोंगा' लिहू नकोस. दुकानात टपाल मालकीणबाई उघडतात.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

मालकीणबाईंना नमस्कार सांग. हे नाव मी ठेवलेलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तू जन्मल्यावर पहिली आरोळी ठोकलीस ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली होती. उभ्या आयुष्यात मी एवढं एकच नाव ठेवलं. ते मी सोडणार नाही.

पाठ बरी आहे. चार वाजता दाढीवाला येणार होता. आला, चहा प्यायला आणि एकेका मशिनावरून असा हात फिरवत बसला की मामीने त्याला टॉवेल आणून दिला. तिला वाटलं धूळ पुसतोय.

तुला आवाजाचं सांगायचं तर आधी मशिनांचं सांगावं लागेल, तेव्हा जरा दम धर. तुझी आई स्टुडिओत यायला लागली तेव्हा घुमारा विकत मिळत नसे, तो जिन्यातून आणावा लागे. तळमजल्यावर स्पीकर ठेवायचा, तिसऱ्या मजल्यावर माइक टांगायचा, आणि गाणारीचा आवाज जिन्यातून चढून वर येईतो मोठा, ओला होऊन यायचा. पंचाईत एवढीच की तिसऱ्या मजल्यावर दाताचा दवाखाना होता. एका फार गाजलेल्या विरहगीतात मागे चपला वाजतात, त्या दाढ काढून घरी निघालेल्या गृहस्थाच्या आहेत. मग पलंगाएवढा पोलादी पत्रा आला, लाकडी पेटीत टांगलेला. त्याला आवाज देऊन थरथरवायचं आणि ती थरथर परत टेप करायची. जवळ कुणी शिंकलं की पत्रासुद्धा शिंकायचा. आणि मग एके दिवशी सुटकेसएवढा डबा आला. त्यावर बटणं: मोठा हॉल, लहान हॉल, खोली. जगात कुठेही नसलेल्या खोल्या, नुसत्या आकड्यांच्या. आम्ही दिवसभर त्यात टाळ्या वाजवत बसलो. पत्रा भंगारात गेला आणि दाताच्या डॉक्टरांना जिना परत मिळाला.

त्यानंतर आला सॅम्पलर. म्हटलं तर पेटीसारख्या पट्ट्या असलेलं वाद्य, पण स्वतःचा आवाज नसलेलं. कुठलाही आवाज त्याच्या पोटात घालायचा आणि मग तो पट्ट्यांवर सुरात वाजवायचा. पोट मात्र लहान. दोन सेकंद आणि वर थोडं, एवढंच मावायचं. मी कपबशी घातली, दार घातलं, माझी शिंक घातली आणि शिंकांवर आख्खी सुरावट वाजवून दाखवली. तुझी आई हसून हसून खाली बसली. त्या मशिनातून आलेल्या आवाजाला बारीक खरखर यायची. आम्ही तेव्हा तिच्यावर चरफडायचो. आता हा दाढीवाला म्हणतो की त्याला ती खरखरच हवी आहे, नव्या मशिनात मिळत नाही. कसली ओढ कुणाला लागेल सांगता येत नाही.

असो. पुढे त्या सॅम्पलरमुळे कोरसची गरजच उरली नाही आणि स्टुडिओतली गर्दी गेली. तुझ्या आवाजाचं बघतो. खोलीत बरंच काही पडलेलं आहे.

तुझा मामा


२० फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. मग ते शेवटून तिसरं वाक्य पुन्हा वाचलं.

सगळं मजेत सांगता सांगता तू हे असं हळूच सरकवून दिलंस. कोरसची गरज उरली नाही. म्हणजे आईची गरज उरली नाही, असंच ना? बाबांनी मला लहानपणापासून सांगितलं की माझ्यासाठी आईने गाणं सोडलं. चांगुलपणाने सांगितलं, पण मी ते मनाला लावून घेतलं होतं. शाळेत गाण्याच्या तासाला मी तोंड उघडायची नाही. तिचं गाणं मी खाल्लं असं मला वाटायचं. आता तू सांगतोस की ते एका डब्याने खाल्लं. आणि तो डबा तू इतकी वर्षं मागच्या खोलीत कापड घालून जपून ठेवला आहेस.

मी चिडले आहे, मामा. कुणावर ते नीट कळत नाही. आज एका म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली आणि त्या बिचाऱ्या म्हणाल्या, बरं दिसतंय की. मला रडायला आलं.

चपला आणि शिंका पुरे झाल्या. काय झालं ते मला सरळ सांग.


१ मार्च

प्रिय भोंगा,

सरळ सांगतो. दोन दिवस विचार केला, मग मामी म्हणाली, लिहून टाका, नाहीतर मी लिहीन.

मशिनाने कोरस खाल्ला हे खरं आहे. चौघींपैकी तिघी माझ्याशी पुढे बोलल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलं नाही. पण तुझ्या आईची गोष्ट वेगळी होती. तू तेव्हा पाच-सहा महिन्यांची. ती तुला दुपट्यात गुंडाळून स्टुडिओत आणायची आणि पियानोखाली निजवायची. तू उठलीस की सगळं थांबायचं. संगीतकार घड्याळाकडे बघायचे, आणि ती तुला घेऊन बाहेर पॅसेजमध्ये फेऱ्या मारायची. एकदा तिने तुला झोपवलं, माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "दादा, माझा 'आ' काढून घे तुझ्या त्या डब्यात. मी घरी बसते हिच्यापाशी."

मी म्हटलं, वेडी आहेस का. ती म्हणाली, वेडी कशाने, मी घरीही असेन आणि इथेही गाईन, असं कुणाला मिळतं? तिला त्याचा फार आनंद झाला होता, हे मी तुला शपथेवर सांगतो. तू तिचं काही खाल्लं नाहीस. तिने आपणहून वाटणी केली आणि मोठा वाटा तुला दिला. नंतर रेडिओवर तिचा 'आ' लागला की ती तुला मांडीवर घेऊन म्हणायची, बघ, आई कामाला गेलीय.

मग ती गेली. आणि तो 'आ' राहिला. गाण्यांची कामं काही थांबली नाहीत. संगीतकार म्हणायचे, कोरस जरा वर घ्या, जरा लांबवा, आणि मी पट्टीवर बोट ठेवून माझ्या बहिणीचा आवाज लांबवायचो. तिला दम लागायचा नाही. वर्षभर मी ते केलं. मग मी नवीन मशीन मागून घेतलं आणि हे घरी आणलं. त्या 'आ'ची डिस्क, म्हणजे आवाज साठवायची चौकोनी फ्लॉपी, स्टुडिओ विकला तेव्हा बाकीच्यांबरोबर गेली, ती शोधूनही मिळणार नाही.

पण एक दुसरी डिस्क आहे. ज्या दिवशी 'आ' काढला, त्या दिवशी मी बटण दाबायची घाई केली आणि गाण्याआधी ती माझ्याशी बोलली तेच टेप झालं. मला काहीतरी दटावलं होतं तिने. ते मी गंमत म्हणून वेगळं ठेवलं. तू मागितलंस ते एवढंच आहे, गाणं नाही.

दाढीवाला पुढच्या आठवड्यात तुमच्याकडून जाणार आहे, त्याच्या गाडीतून मशीन आणि डिस्क पाठवतो. वायर कुठली कुठे ते तो दाखवेल. कसं वाजवायचं ते डिस्कवर मी तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे. एकच गोष्ट लक्षात ठेव. डिस्क फार जुनी आहे, कदाचित एकदाच लागेल. एकदा लागली की मी सांगेपर्यंत मशीन बंद करू नकोस.

मामा


१८ मार्च

प्रिय मामा,

मशीन पोचलं. दाढीवाल्याने ते तान्ह्या बाळासारखं उचलून आणलं, घाईत होता तरी दोनदा मागे वळून बघितलं. घरी आमच्याकडे वीज जाते, म्हणून मी ते दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायच्या यंत्राशेजारी ठेवलं आहे. तिथे बॅटरीची सोय आहे. मालकीणबाई म्हणाल्या, वाजवणार असाल तर गिऱ्हाईक नसताना वाजवा.

डिस्कवर तुझ्या अक्षरात लिहिलंय: बहीण, बोलणं, खालून वाजवणे. या 'खालून'वर माझा अर्धा दिवस गेला. आधी वाटलं डिस्क उलटी घालायची. तशी ती जाईना. मग मशिनाच्या पाठीमागे दोन भोकं दिसली, एक वर, एक खाली, म्हणून वायर खालच्यात घातली. मग मधली पट्टी दाबली.

मामा, तुझी काहीतरी गफलत झाली आहे. त्यात आई नाही. कुणीतरी लहान मूल आहे. चिवचिव केल्यासारखं एवढंसं बोलतं आणि संपतं, शब्द कळत नाहीत. मी पुन्हा पुन्हा दाबलं. मग माझ्या लक्षात आलं की पियानोखाली मीच तर होते. सहा महिन्यांचं मूल शब्द बोलत नाही, म्हणजे नंतर कधीतरी मला बोलतं करून तू टेप केलं असशील आणि लेबल चुकलं असेल. सगळी मशिनं, जिने, पत्रे पालथे घालून मला शेवटी कोण सापडलं, तर मी. तुला हसू येईल. मला आलं नाही.

डिस्कवर आणखी काही असेल म्हणून ती पुन्हा लावायला गेले. तिने काच घासल्यासारखा आवाज केला आणि पडद्यावर आलं, डिस्क वाचता येत नाही. बाहेर काढली तर कडेला तपकिरी भुकटी. ती डिस्क आता गेली असं वाटतं.

मशीन अजून चालू आहे, तू बंद करू नकोस म्हणालास म्हणून. मालकीणबाई रोज विचारतात की हे गरम होणारं काय आहे आणि कधी बंद होणार. आता त्यात माझीच चिवचिव आहे तर उद्या बंद करावं म्हणते. तुझ्यावर राग नाही. तू शोधलंस, पाठवलंस, हेच खूप आहे.

तुझी भाची


२१ मार्च

भोंगा,

मशीन बंद करू नकोस.

मामी सकाळपासून तुला फोन लावते आहे, लागत नाही, म्हणून हे पत्र मामीच्या भाच्याहाती पाठवतो आहे, टपालाला देत नाही. तोपर्यंत बंद केलं असशील तर मला कळवू नकोस, मी समजून घेईन.

डिस्क गेली म्हणजे तिच्यातला आवाज आता फक्त मशिनाच्या पोटात आहे, आणि या मशिनाला झोप लागली की ते सगळं विसरतं. सकाळी कोरं होऊन उठतं. जगात आता ती तेवढ्याच ठिकाणी आहे, तुझ्या काच घासायच्या यंत्राशेजारी.

ते मूल नाही. ती तुझी आईच आहे. पोट दोन सेकंदांचं आणि वाक्य त्याहून लांब, म्हणून आम्ही सगळेच एक लबाडी करायचो. टेप दुप्पट वेगाने पळवायची आणि तो पळणारा आवाज आत घालायचा. तो अर्ध्या जागेत बसतो, पण वर चढतो, बारीक होतो, लहान मुलासारखा. म्हणून नेहमीच्या पट्टीवर वाजवायचाच नाही. एक सप्तक खाली यायचं. तिथे तो पुन्हा संथ होतो आणि माणूस परत येतो. खालून वाजवणे म्हणजे डावीकडच्या पट्ट्यांवर. स्टुडिओत हे पोऱ्यालासुद्धा माहीत असायचं, त्यामुळे कुणी कुणाला सांगत नसे. तुला सांगायचं मला सुचलंच नाही. तू भोकं शोधत बसलीस.

तू दाबलेली पट्टी बघ, तिथून डावीकडे ये, तशीच दिसणारी पुढची पट्टी येईल ती दाब. आधी मोबाइल जवळ ठेवून टेप कर. मगच ऐक.

आणि ऐकल्यावर माझं एक काम कर. काय म्हणाली ते लिही. तू विचारशील, मामा, तू स्वतः कधी ऐकलं नाहीस का? मी ऐकलं, पुष्कळदा. पण आता मला काहीच ऐकू येत नाही. कानातलं यंत्र मी समोरच्याच्या समाधानासाठी घालतो. फोनवर मी अंदाजाने उत्तरं देतो, ती तुला माहीत आहेतच. गेली काही वर्षं मी ती डिस्क लावून स्पीकरवर हात ठेवत असे. हाताला थरथर कळायची. तेवढ्यावर भागवत होतो. शब्द मात्र माझ्या डोक्यातून गेले. दटावलं होतं एवढं आठवतं, काय म्हणून ते नाही. तू मागितलंस म्हणून दिलं, पण ते ऐकणारं कुणीतरी हवं होतं, हेही खरं आहे.

मामा


२६ मार्च

प्रिय मामा,

बंद केलं नव्हतं. तुझं पत्र यायच्या आदल्या संध्याकाळी बटणापर्यंत हात नेला होता. मग वाटलं, माझी चिवचिव का होईना, आईच्या समोर केलेली असेल. एक दिवस राहू दे. मालकीणबाईंना मी थाप मारली की यंत्र बंद केलं तर बिघडेल. ती थाप नव्हती हे तुझं पत्र वाचल्यावर कळलं.

तू सांगितलंस तसं केलं. मोबाइल ठेवला, डावीकडे आले, पट्टी शोधली. तिच्यावर बोट ठेवलं. बाहेर मालकीणबाई कुणाला तरी काचा बदलून बदलून विचारत होत्या, आता बरं की आधीचं? मग मी दाबली.

तुला सगळं लिहिते, काही गाळत नाही. आधी श्वास आहे, नाकाने घेतलेला, घाईचा. मग आई. माझ्या मनात तिचा आवाज नाजूक होता. तसा तो नाही, मामा. भरदार आहे, थोडा बसलेला, सर्दी झाल्यासारखा. बाबा गोड म्हणतात तो हाच असेल तर बाबांना शब्द सापडला नाही. ती अगदी हळू बोलते, पण त्या हळू बोलण्याला धार आहे. म्हणते, "दादा, हळू बोल की." मग जरासं थांबते. मग म्हणते, "भोंगा आत्ता कुठे झोपलाय."

'भोंगा' म्हणताना ती 'भों' लांबवते आणि 'गा' जवळजवळ गिळते. गिळताना हसते. मागे, फार लांब, एक पुरुष हसतो आणि एकदम गप्प होतो. तो तू आहेस. पट्टी सोडली की तिथेच संपतं, त्या खरखरीसकट. मी संध्याकाळपर्यंत ऐकत होते. मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि दार हळूच ओढून घेऊन गेल्या.

तेव्हा ते नाव तुझं नाही, मामा. ते तिचं आहे. तू तिच्याकडून घेतलंस आणि इतकी वर्षं तुला वाटत राहिलं की ते तू ठेवलंस. आणि मी त्या नावावरून तुझ्याशी भांडत आले. शाळेच्या फाटकात, माझ्या लग्नात, फोनवर, तू नेहमी ते कसं म्हणतोस ठाऊक आहे? 'भों' लांब आणि 'गा' गिळून, आणि गिळताना हसून. अगदी तसंच. तुला स्वतःला ऐकू येत नसलं तरी ते तसंच येतं. मला आईचा आवाज सापडत नाही असं तुला लिहिलं होतं ना, ते खोडून टाक.

आवाज मोबाइलवर आहे, दोन ठिकाणी आणखी ठेवला. मशीन आता बंद करीन, तू हो म्हणालास की. उन्हाळ्यात तुझ्याकडे येते. तेव्हा स्पीकर लावू, तू हात ठेव, आणि कुठल्या थरथरीला 'दादा' आहे ते मी तुला बोटाने दाखवीन.

फोन करशील तेव्हा बाकी काही ऐकू आलं नाही तरी चालेल. अंदाजाने काहीही बोल. फक्त सुरुवातीला मला हाक मार.

तुझा
भोंगा